आपण, आम्ही आणि जगातल्या भाषा : शाळेतल्या मुलांना गोडी कशी लावायची?

पाटीवरची रेघ (धागाकर्ती)

लोकहो, बरेच दिवस मनात घोळतंय ते मांडते, लांबलं तर सांभाळून घ्या. मी सहावी-सातवीला शिकवते आणि या वर्षी मला आठवड्याला एक मोकळा तास मिळालाय. त्याला परीक्षा नाही, मार्क नाहीत, पुस्तक नाही. त्या तासात मला मुलांना जगातल्या भाषा दाखवायच्या आहेत. शिकवायच्या नाहीत, दाखवायच्या.

सुरुवात ठरवून केली नव्हती. फळ्यावर दोन वाक्यं लिहिली, "आम्ही सहलीला चाललोय" आणि "आपण सहलीला चाललोय", आणि विचारलं की कुणी माझ्यासमोर उभं राहून हे म्हटलं तर मी पिशवी भरायची की नाही? सगळा वर्ग ओरडला, पहिल्यात नाही, दुसऱ्यात हो! मग म्हटलं आता दोन्ही वाक्यं इंग्रजीत करा. दोन्हींचं एकच झालं. हिंदीत करून बघितलं तर तिथेही "हम" आणि "हम"च. एक मुलगा म्हणाला, बाई, मग इंग्रजीत माणसाला कसं कळतं की त्याला बोलावलंय? हा प्रश्न मी शिकवलेला नव्हता, त्याच्या आतून आला होता, आणि मला तिथेच वाटलं की या तासाचं हेच करायचं.

घरी येऊन वाचत बसले. तमिळमध्ये "नाम" आणि "नांगळ" असा हाच फरक आहे, इंडोनेशियनमध्ये "किता" आणि "कामी". आणि सगळ्यात आवडलं ते पापुआ न्यू गिनीमधलं. त्या एका देशात आठशेच्या वर भाषा आहेत, आणि एकमेकांशी बोलायला लोक टोक पिसिन वापरतात, तिचे बरेचसे शब्द इंग्रजीतून आलेत. तिथे "आपण"ला म्हणतात "युमी", म्हणजे यू आणि मी, आणि "आम्ही"ला "मिपेला". म्हणजे बघा, तुकडे इंग्रजीचे, पण जो फरक इंग्रजीत नाहीच तो लोकांनी त्याच तुकड्यांतून उभा केला, कारण त्यांच्या स्वतःच्या भाषांत तो होता. दुसऱ्या दिवशी हे सांगितलं तेव्हा पुढचा आठवडाभर मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांना "युमी, युमी" करत होती.

आता पुढे काय करू? मला हे सामान्यज्ञान करायचं नाहीये, सगळ्यात लांब शब्द कुठला, कुठल्या देशाची भाषा कुठली, असलं पाठांतर नको. तुम्ही मुलांबरोबर काय केलंय, काय फसलं, ते सांगा.

गणिताचा नाद

ताई, धागा फार आवडला. मी गणिताचा माणूस, भाषेतला नाही, पण एक गोष्ट सुचवतो जी मला स्वतःला उशिरा कळली आणि शाळेत असताना कळली असती तर किती बरं झालं असतं असं वाटतं. भाषाविज्ञानाचं ऑलिम्पियाड असतं. १९६५ साली मॉस्कोत शाळकरी मुलांसाठी अशी स्पर्धा पहिल्यांदा झाली, आणि २००३ मध्ये बल्गेरियातल्या बोरोव्हेत्सला पहिलं आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड भरलं. बऱ्याच देशांत आपापली निवड फेरी असते, भारतातली पाणिनीच्या नावाने आहे. वैयक्तिक फेरीत सहा तास आणि पाच कोडी. भाषा अशा असतात की सहसा मुलांनी नावही ऐकलेलं नसतं, आणि ते मुद्दामच, कारण पाठांतर कामाला येऊ नये. समोर दहा-बारा वाक्यं आणि त्यांचे अर्थ, त्यावरून नियम शोधायचा. डोकं लावलं की सुटतं.

तुमच्या वर्गासाठी एक सोपं देतो. स्वाहिली :

किताबू किमोजा = एक पुस्तक
व्हिताबू व्हिविली = दोन पुस्तकं
म्तोतो म्मोजा = एक मूल
वातोतो वाविली = दोन मुलं
वातोतो वातातू = तीन मुलं
किकापू किमोजा = एक टोपली

आता "तीन टोपल्या" काय होईल? उत्तर मी सांगणार नाही, इथल्या कुणीतरी सांगा. मुलांना देताना जोडी-जोडीने द्या आणि नियम सांगू नका म्हणजे नकाच, पंधरा मिनिटं कुणीच बोललं नाही तरी चालेल. कुणी न सांगता कोडं सुटलं की मुलांचे चेहरे बघा.

सरळ बोलणारा

थोडं विरोधी बोलतो, राग मानू नका. आज सातवीतल्या मुलाला स्वतःच्या भाषेत सलग दहा ओळी लिहिता येत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ जाऊ द्या, वाक्य पूर्ण होत नाही. माझ्या घरातलंच उदाहरण आहे. असं असताना स्वाहिली आणि पापुआ न्यू गिनी म्हणजे पाया भरला नाही आणि वर मजला. तो एक तास वाचनाला दिला तर काय वाईट? उत्साह कळतो, पण मुलांचा वेळ मर्यादित आहे.

दोन मुलींचा बाबा

माझा प्रश्न वेगळा आहे. परदेशी भाषा शिकवायचीच तर एकच धरून नीट शिकवावी ना? जर्मन किंवा जपानी, पुढे उपयोग होईल अशी. दहा भाषांचे दोन-दोन शब्द घेऊन मुलीला काय मिळणार? विचारतोय मनापासून, टीका नाही. माझी मोठी मुलगी एका ॲपवर तीन भाषा एकदम करते आणि कुठल्याच भाषेत धड बोलत नाही.

पाटीवरची रेघ

दोघांनाही उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

दादा, वाचन-लेखन कमकुवत आहे हे शंभर टक्के मान्य, मी रोज तेच बघते. पण मला जे दिसलं ते सांगते. "आम्ही" आणि "आपण" मुलं जन्मापासून बरोबर वापरतात, आणि म्हणूनच त्यांना ते दिसत नाही. व्याकरणाच्या तासाला सर्वनामांचे प्रकार लिहून दिले तेव्हा कुणी मान वर केली नव्हती. दुसऱ्या भाषेत ती गोष्ट नाही हे कळलं तेव्हा स्वतःच्या भाषेतली दिसली. दुसरं उदाहरण "परवा". होऊन गेलेलाही परवा आणि येणाराही परवाच. पण काल आणि उद्या वेगळे. हिंदीत तर कालही "कल" आणि उद्याही "कल". जर्मनमध्ये होऊन गेलेल्या परव्याला वेगळा शब्द, येणाऱ्याला वेगळा. हे फळ्यावर मांडल्यावर मुलांनीच विचारलं की मग आपला गोंधळ का होत नाही, आणि दहा मिनिटांनी त्यांनीच शोधलं, क्रियापद सांगतं! "परवा आलो", "परवा येईन". क्रियापदाचा काळ म्हणजे काय हे मी वर्षानुवर्षं शिकवतेय, पण तो इतका गरजेचा आहे हे त्यांना त्या दिवशी पटलं. तेव्हा मला तरी हा वेळ मातृभाषेतून काढून घेतल्यासारखा वाटत नाही.

बाबा, तुमचं म्हणणंही बरोबर आहे, एखादी भाषा खरंच बोलायची असेल तर एकीलाच वर्षं द्यावी लागतात, त्याला शॉर्टकट नाही. माझा तास त्यासाठी नाहीच. तो त्याच्या आधीचा आहे. जर्मन घ्यायची की जपानी हे ठरवणाऱ्या मुलीने निदान त्या दोन्ही भाषा कानांनी ऐकलेल्या असाव्यात, दोन्हींत वाक्य कसं बसतं हे एकदा हाताळलेलं असावं. आणि तिने पुढे कुठलीच नाही घेतली तरी, माणसं इतक्या वेगवेगळ्या तऱ्हांनी बोलतात आणि त्यातली एकही तऱ्हा अर्धवट नाही हे तिला माहीत असावं असं मला फार वाटतं.

वाक्यांची माळ

रेघताईंना अनुमोदन. वाक्य कसं बसतं यावरून एक खेळ सांगतो, मी पुतण्यांबरोबर केलाय. तीन कार्डं करायची, मी, पुस्तक, वाचतो. किती प्रकारे मांडता येतात? सहा. मग विचारायचं, जगातल्या भाषांत सगळ्यात जास्त कुठला क्रम असेल? सगळी मुलं पैज लावतात की इंग्रजीचा, मी वाचतो पुस्तक. पण भाषांची संख्या मोजली तर आपलाच क्रम पुढे आहे, कर्ता, कर्म आणि क्रियापद शेवटी. जपानी तसंच, कोरियन तसंच, तुर्की तसंच. तुर्कीत "बेन किताप ओकुयोरुम" म्हणजे मी पुस्तक वाचतोय, जागच्या जागी शब्द. जपानीत "वाताशी वा होन ओ योमिमासु", तिथला "ओ" कर्माला मागून चिकटतो, आपला "ला" चिकटतो तसा. आयरिश आणि वेल्शमध्ये क्रियापद आधी येतं, वाचतो मी पुस्तक. पुतण्याला इतके दिवस वाटायचं की इंग्रजी वाक्य सरळ आणि आपलं उलटं. तो समज त्या दिवशी गेला, आणि मला वाटतं तो समज फार मुलांच्या डोक्यात न बोलता बसलेला असतो.

कार्डं खरीखुरी हातात द्या, फळ्यावर लिहून तो परिणाम येत नाही.

तिसऱ्या बाकावरून

तीन टोपल्या = व्हिकापू व्हितातू!

एक असेल तर "कि", अनेक असतील तर "व्हि", आणि संख्येलाही तेच लागतं. मुलांसाठी म, वा. म्हणजे आपल्याकडे "एक मोठा, एक मोठी, एक मोठं" होतं तसं तिथे सुरुवातीला बदलतं. बरोबर का दादा?

गणिताचा नाद

अगदी बरोबर! आणि आता यातली खरी गंमत सांगतो. "किताबू" हा शब्द अरबीतून आलाय, आपली "किताब" तीच, वर आलेलं तुर्की "किताप"ही तेच. अरबीत मूळ आहे क-त-ब ही तीन व्यंजनं, लिहिण्याशी संबंधित. म्हणजे त्यातला "कि" हा काही स्वाहिलीचा उपसर्ग नव्हे. पण स्वाहिली बोलणाऱ्यांच्या कानाला तो "कि" आपलाच वाटला, आणि त्यांनी अनेकवचन करून टाकलं "व्हिताबू". शब्द पाहुणा म्हणून आला आणि घरातलाच झाला. हे मुलांना कोडं सुटल्यानंतरच सांगा, आधी सांगितलं तर मजा जाते.

याच धर्तीवर "साबण" घ्या. पोर्तुगीज साबाँव, फ्रेंच साव्हों, स्पॅनिश खाबोन, अरबी साबून, तुर्की साबुन, स्वाहिली साबुनी, इंडोनेशियन साबुन. नकाशावर टाचण्या टोचा आणि दोरा फिरवा. व्यापाराचे रस्ते आपोआप दिसतात, इतिहासाच्या शिक्षकांनाही बोलवा त्या दिवशी.

कानात पाऊस

सगळे शब्द आणि वाक्यांवर बोलताय, आवाजांचं कुणी काढलंच नाही! लहान मुलांना सगळ्यात आधी आवाज भावतात. मी असं करते : आधी स्वतःचं तोंड. "जग" म्हणा, दुनिया या अर्थी. आता "जग" म्हणा, "सुखाने जग" या अर्थी. जीभ कुठे गेली? "चार" म्हणा, आकडा. "चारा" म्हणा, गुरांचा. अक्षर एकच पण आवाज दोन, आणि वाचताना आपण कधीच अडखळत नाही. मग क पासून म पर्यंत सावकाश म्हणायला लावते, हात गळ्यावर ठेवून, आणि विचारते की आवाज कुठून कुठे चाललाय? गळ्याकडून ओठांकडे चाललाय हे मुलं स्वतः शोधतात. आपली मुळाक्षरं म्हणजे तोंडाचा नकाशा आहे हे कळल्यावर मुलं ती पुन्हा पुन्हा म्हणतात, आणि ही सातवीतली मुलं बरं का, पहिलीतली नव्हेत.

मग बाहेरचे आवाज. खोसा नावाची दक्षिण आफ्रिकेतली भाषा, तिच्यात जिभेचे टाळ्यासारखे आवाज ही सरळ व्यंजनं आहेत. आपण चुकचुकतो ना हळहळताना, किंवा घोड्याला हाकताना गालाशी आवाज काढतो, तसले आवाज शब्दाच्या मधोमध. इथे एक सांगायचं राहू नये, पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मुलं खूप हसली आणि मी हसू दिलं, ती माझी चूक झाली. आता मी ऐकवायच्या आधी तोच आवाज त्यांना स्वतः काढायला लावते आणि मग सांगते की आता हा आवाज काढता काढता पुढचा स्वर जोडा. जमत नाही. मग जे लाखो लोक सहज बोलतात त्यांच्याबद्दल हसू येत नाही, कौतुक वाटतं. आधी ऐकवायचं की आधी करायला लावायचं, एवढाच फरक, पण वर्गाचा सगळा सूर बदलतो.

आणि शिट्टीची भाषा! स्पेनच्या कॅनरी बेटांतलं ला गोमेरा हे बेट. खोल दऱ्या, पलीकडच्या डोंगरावर निरोप द्यायचा तर उतरून चढायला अर्धा दिवस, म्हणून लोक स्पॅनिशच शिट्टीत बोलतात. पाच स्वरांच्या जागी दोन शिट्ट्या, व्यंजनांच्या जागी चार. काही किलोमीटरवर ऐकू जाते. १९९९ पासून तिथल्या शाळांत ती शिकवतात, आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आली. मुलांना सांगा की तुमचं नाव शिट्टीत वाजवा आणि दुसऱ्याने ओळखा. वर्ग डोक्यावर घेतील, शेजारच्या वर्गाची परवानगी आधी घ्या.

खरं-खोटं

एक विनंती आहे, जरा जोर देऊन करतो. मुलांना सांगायच्या आधी गोष्ट तपासा. भाषांबद्दलच्या दोन कहाण्या शाळाशाळांत फिरतात आणि दोन्ही खोट्या आहेत.

पहिली, बर्फाला एस्किमोंकडे शंभर शब्द. या गोष्टीचं मूळ फ्रान्झ बोआस या अभ्यासकाच्या १९११ च्या लिखाणात सापडतं, तिथे त्याने चारच वेगवेगळे मूळ शब्द दिले होते. पुढे सांगणारे वाढवत गेले. शिवाय त्या भाषा एका मुळाला प्रत्ययावर प्रत्यय लावून अख्खं वाक्य एका शब्दात मावेल असे शब्द करतात, त्यामुळे तिथे "किती शब्द" हे मोजणंच निरर्थक होतं, बर्फाचं असो की कशाचंही. खरी गंमत त्या शब्द बांधण्यात आहे, ती सोडून आपण आकडा सांगतो.

दुसरी, कांगारू म्हणजे "मला माहीत नाही". कॅप्टन कुकच्या माणसांनी विचारलं, तिथल्या माणसाने तसं उत्तर दिलं वगैरे. साफ खोटं. १७७० मध्ये कुकचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याला दुरुस्तीसाठी थांबलं होतं, तिथल्या गुगू यिमिथिर लोकांच्या भाषेत "गंगुरू" हे एका जातीच्या कांगारूचं नाव आहे. लोकांनी बरोबर उत्तर दिलं होतं आणि आपण अडीचशे वर्षं त्यांनाच गोंधळलेले ठरवतोय. हे मुलांना दोन्ही बाजूंनी सांगा, आधी ऐकीव गोष्ट, मग खरी, आणि विचारा की खोटी गोष्ट इतकी का पसरली असेल.

त्याच भाषेचा खेळही आहे. गुगू यिमिथिरमध्ये डावं-उजवं अशी भानगड नाही, सगळं दिशांनी. तुझ्या पूर्वेच्या पायावर मुंगी चढतेय, असं. एक तास डावा-उजवा हे शब्द बंद करा. पेन दक्षिणेला सरकव, दप्तर पश्चिमेच्या बाकावर ठेव. मुलं पहिली दहा मिनिटं खिडकीतून सूर्य शोधतात.

शांत आवाज

मी कर्णबधिर मुलांबरोबर काम करते, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. जगातल्या भाषा म्हणताना खुणांच्या भाषा विसरू नका. बहुतेकांना वाटतं खुणांची भाषा जगभर एकच असते, किंवा ती बोलीभाषेचंच हातवाऱ्यांचं रूप असतं. दोन्ही चूक. अमेरिका आणि ब्रिटन दोघांची बोलायची भाषा इंग्रजी, पण अमेरिकन खुणांची भाषा नात्याने फ्रेंच खुणांच्या भाषेजवळची आहे, ब्रिटिश वेगळीच. एकमेकांचं एकमेकांना कळत नाही.

आणि मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशाची गोष्ट तर प्रत्येक शाळकरी मुलाने ऐकावी. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या राजधानीत, मानाग्वात, कर्णबधिर मुलांसाठी शाळा सुरू झाल्या. तोवर ही मुलं आपापल्या घरी, एकेकटी, घरातल्या चार खुणांवर दिवस काढत होती. शिक्षक त्यांना ओठ वाचायला शिकवत होते, ते काही फारसं जमत नव्हतं. पण मैदानावर आणि शाळेच्या बसमध्ये मुलं एकमेकांशी खुणा करायला लागली, आणि नंतर आलेल्या लहान मुलांनी त्या खुणा उचलून त्यांना नियम लावले, व्याकरण आलं, आणि काही वर्षांत एक नवी कोरी भाषा तयार झाली. मोठ्यांनी शिकवलेली नाही. शिक्षकांना तर ती कळतही नव्हती, १९८६ मध्ये ज्यूडी केगल या भाषाशास्त्रज्ञ बाईंना बोलावलं तेव्हा हे काय चाललंय ते उलगडायला सुरुवात झाली.

मी हे ऐकणाऱ्या मुलांच्या एका वर्गात सांगितलं होतं. नंतर मी त्यांना तासभर न बोलता एक गोष्ट एकमेकांना सांगायला लावली, आणि शेवटच्या वीस मिनिटांत त्यांनी "काल"साठी आणि "नाही"साठी स्वतःच्या खुणा ठरवून टाकल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं.

दोन मुलींचा बाबा

हे वाचून अंगावर काटा आला. ताई, मी आधीचा प्रश्न मागे घेत नाही पण आज रात्री मुलींना ही गोष्ट सांगणार आहे.

बोरू आणि टाक

लिपीवाला माणूस आलाय! मुलांनी भाषा घडवली तशी मुलांनी लिपीही घडवलीय. गिनी देशात फुलानी लोकांची भाषा अरबी नाहीतर रोमन अक्षरांत लिहायचे, आणि तिचे काही आवाज त्यात बसायचेच नाहीत. इब्राहिमा आणि अब्दुलाये बारी हे दोघे भाऊ, १९८९ मध्ये थोरला चौदा वर्षांचा आणि धाकटा दहा. घरात बसून डोळे मिटून कागदावर रेघा ओढायचे आणि त्यातले आवडलेले आकार निवडायचे, असं करत त्यांनी अख्खी लिपी तयार केली. आधी आसपासच्यांना शिकवली, मग पुस्तकं हातांनी उतरवून वाटली. तिला अदलम म्हणतात, पहिल्या चार अक्षरांवरून, आणि २०१६ मध्ये ती युनिकोडमध्ये आली, म्हणजे आता फोनवर टाइप करता येते.

त्याच्या आधीचा सिक्वोया. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी चेरोकी माणूस, त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण गोरे लोक कागदाकडे बघून बोलतात हे बघून त्याने आपल्या भाषेसाठी खपून अक्षरं केली, १८२१ मध्ये पूर्ण झाली. लोकांचा विश्वास बसेना तेव्हा त्याच्या लहान मुलीने वाचून दाखवलं. ती पहिली विद्यार्थिनी. १८२८ मध्ये त्या लिपीत वर्तमानपत्र निघालं.

आणि कोरियाचं हंगुल, राजा सेजोंगने १४४६ मध्ये लोकांसमोर आणलं. त्यातल्या मूळ व्यंजनांचे आकार म्हणजे तो आवाज काढताना जीभ किंवा तोंड कसं असतं त्याचं चित्र. वर "कानात पाऊस" यांनी जे तोंडाच्या नकाशाचं सांगितलं ना, त्याच्या पुढचाच तास हा ठेवा. मुलांना आधी न दाखवता सांगा, "न" म्हणताना जीभ कशी वळते ते एका रेघेत काढा. बरीच मुलं हंगुलच्या जवळ जाणारं काहीतरी काढतात, मी दोनदा करून बघितलंय.

सरळ बोलणारा

वाचतोय सगळं. पायाचं माझं मत तसंच आहे, पण "परवा"चं उदाहरण मी घरी करून बघितलं. मुलगा अर्धा तास बोलत होता. एवढंच सांगायला आलो.

घरची बोली

एक काळजीची गोष्ट. वर्गात ज्या मुलांची घरची भाषा वेगळी असते त्यांना या तासात उभं करून "चल, तुझ्या भाषेत बोलून दाखव" करू नका. मला लहानपणी एका शिक्षकांनी असं उभं केलं होतं. त्यांचा हेतू चांगला होता, पण मुलं हसली आणि मी पुढची कित्येक वर्षं शाळेत घरचा एक शब्द उच्चारला नाही, आई शाळेत आली की तिने हळू बोलावं असं वाटायचं. घरच्या भाषेला जागा द्या, पण दार उघडं ठेवा, ढकलू नका. सगळ्यांनी सगळ्यांच्या भाषा कागदावर लिहायच्या, माणसाचा बाह्याकार काढून कुठली भाषा कुठे राहते ते रंगवायचं, असा प्रकार काही शिक्षक करतात तो मला बरा वाटतो. कुणी आजीची भाषा पोटात रंगवतं, कुणी हातात. ज्याला सांगायचं तो सांगतो.

पाटीवरची रेघ

सगळ्यांचे किती आभार मानू. दीड महिना गेला, म्हणून काय झालं ते सांगते.

स्वाहिलीचं कोडं दोन जोड्यांनी सोडवलं, बाकीच्यांना इशारा द्यावा लागला. दिशांचा खेळ भन्नाट झाला. शिट्ट्यांचा तास बंद करावा लागला, शेजारच्या वर्गाची परवानगी मी घेतली नव्हती. कांगारूच्या गोष्टीवर एका मुलीने विचारलं की आपण ज्यांना "त्यांना कळत नाही" म्हणतो त्यात आणखी कोण कोण असेल, त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, वर्ग बोलत राहिला आणि मी ऐकत राहिले.

पण "घरची बोली" यांचं वाचलं आणि मी ठरवलेला तास रद्द केला, कारण मी नेमकं तेच करणार होते. त्याऐवजी रंगवायचा कागद दिला. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, जून महिन्यापासून तिचा आवाज मी हजेरीशिवाय ऐकला नव्हता. तिने अख्खा आकार एकाच रंगाने रंगवला आणि फक्त तोंड दुसऱ्या रंगाने. मी काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात तिची आई भेटायला आली, म्हणाली, भाषा वगैरे नाही हो बाई, आमची नुसती बोली आहे ती. मी म्हटलं, बोलीला पण व्याकरण असतं, फक्त पुस्तक नसतं. मुलगी शेजारी उभी होती.

त्यानंतर सोमवारी तिने माझ्या टेबलावर एक घडी घातलेला कागद ठेवला. नऊ वाक्यं तिच्या बोलीतली, समोर अर्थ, आणि खाली एक प्रश्न, अगदी टोपल्यांच्या कोड्यासारखा. वर्ग दोन तास त्यावर बसलाय. अजून कुणालाच सुटलेलं नाही, मलाही नाही, क्रियापद कशामुळे बदलतंय तेच कळत नाहीये.

गणिताचा नाद

इथे टाका ना ते कोडं!

पाटीवरची रेघ

तिला विचारलं. टाका म्हणाली, पण दिवाळीच्या सुट्टीपर्यंत उत्तर कुणालाही सांगणार नाही म्हणाली. उद्या टाइप करून टाकते.